सामान बूट घालत नाही

रिक्षात बसण्याआधी बोरसे आप्पा तिच्याभोवती एक चक्कर मारत. पुढच्या चाकापासून सुरुवात, मग मागचं डावं, मग उजवं. प्रत्येक नटावरून अंगठा फिरवायचा, वाकून खाली तेल ठिबकतंय का ते पाहायचं आणि मगच आत बसायचं. डिंडोलीच्या नाक्यावरचे जुने रिक्षावाले त्यांना ओळखून होते, ते मुकाट्याने बिडी विझवून वाट पाहत. नवा कोणी असला की भडकायचा.

"काका, बैठना है कि खरीदना है?" एकाने एकदा विचारलं.

"खरीदना होता तो कागज भी माँगता," आप्पा खालूनच म्हणाले.

आम्ही दोघं डिंडोलीहून बमरोलीच्या मिलमध्ये एकाच रिक्षाने जात असू. या चक्करांपायी मला जवळजवळ रोज उशीर होई आणि रोज मी मनातल्या मनात चिडत असे. गेल्या पौषात आप्पा गेले. शववाहिनी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, त्यांना आत ठेवलं, दार लागलं, गाडी निघाली. तिच्याभोवती कोणी चक्कर मारली नाही. मी मारायला हवी होती असं तेव्हापासून वाटत राहिलं आहे, आणि चार बायामाणसांत ते कसं दिसलं असतं असंही वाटतं. म्हणून निदान हे लिहिते आहे.

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. वडील लूमवर काम करायला सुरतेत आले आणि इथलेच झाले. आप्पा मात्र तरुणपणी हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून गेले, इंजिनं उघडण्यात आणि बंद करण्यात त्यांची वर्षं गेली. पुढे छोटी विमानं चालवणाऱ्या दोन-तीन कंपन्यांत नोकऱ्या केल्या आणि सत्तरीला टेकल्यावर मुलाकडे सुरतेत परतले. लहान चण, कातरलेल्या पांढऱ्या मिशा आणि शर्टाच्या खिशात दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा छोटा आरसा. जिथे मान जात नाही तिथे तो जाई. चहाच्या टपरीवर बसले तरी आप्पा आरसा बाकाखाली घालून गॅसची नळी बघून घेत. टपरीवाला म्हणायचा, "आप्पा, मेरे चाय की भी कभी तारीफ करो." आप्पा म्हणायचे, "चाय अच्छी है. पाइप बदल."

'विमान' हा शब्द ते वापरत नसत. मशीन म्हणत, आणि बाईमाणसाबद्दल बोलावं तसं बोलत. ती थकली आहे, ती कुरकुरते, तिचं काही खरं नाही.

आमचे शेठ जयंतीभाई. काठियावाडातून कोवळ्या वयात आलेले, आता लूमची खाती, म्हणजे मागांचे कारखाने, आणि रंगाई-छपाईची मिल असलेले. मी पूर्वी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते. वर्गातली मुलं आटत गेली तेव्हा मी शेठकडे इंग्रजी पत्रव्यवहाराच्या कामाला लागले. आप्पा मला शेवटपर्यंत 'मास्तरीन' म्हणत.

शेठच्या आई, ज्यांना सगळी मिल 'बा' म्हणे, पंच्याऐंशीच्या पुढच्या. खुब्याचं हाड मोडल्यावर शेठनी त्यांना गावाहून सुरतेला आणलं ते कायमचंच झालं. बांचा एकच धोशा होता, मला गावी न्या, मला माझ्या ओसरीवर मरू द्या. गाव आखाताच्या पलीकडे. रस्त्याने सगळ्या आखाताला वळसा घालून जावं लागतं, दहा तास लागतात, आणि डॉक्टरांनी दहा तासांच्या हादऱ्यांना साफ नकार दिला होता. विमानाने तेच अंतर पाऊण तासाचं आणि गावाजवळ एक धावपट्टीही होती. शेठनी भाड्याचं विमान ठरवलं तर बा म्हणाल्या, "पारकामां नहीं बेसुं. घरनुं होय तो बेसुं." परक्याच्या विमानात बसणार नाही, घरचं असेल तर बसेन. शेठ आईच्या शब्दाबाहेरचे नव्हते, आणि खरं सांगायचं तर घरचं विमान ही कल्पना त्यांनाही आवडली. समाजाच्या मेळाव्यात त्यांनी जाहीर केलं, दिवाळीला बा स्वतःच्या विमानाने गावी जातील.

नवं विमान मिळायला वर्षं लागतात म्हणून जुनं बघायचं ठरलं. पुढे पंखा, पण आत जेटच्या जातीचं एकच इंजिन, आणि नऊ माणसांची जागा. शेठच्या खात्यात आप्पांचा मुलगा लूम मास्टर होता; त्याचे वडील विमानवाले आहेत हे कुणीतरी सांगितलं, तसं शेठनी आप्पांना बोलावून घेतलं. आप्पांनी नीट बघावं, एक फॉर्म भरून खाली सही करावी, की सौदा पक्का. पुढे ते विमान आप्पांनीच सांभाळायचं. त्या संध्याकाळी आप्पांनी शिंप्याकडे निळा डगला मापाला टाकला. डगला म्हणजे पँट-शर्ट एकत्र असलेला, गुडघ्यांवर दुहेरी कापडाचा. सून म्हणाली, "या वयात?" आप्पा म्हणाले, "मशीनला वय विचारता येत नाही, तर मला का विचारता?"

आता सुरतेत जुने लूम कसे घेतात ते सांगायला हवं. घेणारा विकणाऱ्याच्या खात्यात जातो. मशीन चालू करायला सांगतो. डोळे मिटून आवाज ऐकतो, सांगाड्यावर पंजा ठेवून थरथर बघतो आणि पटलं की तिथल्या तिथे बानं, म्हणजे विसार, देऊन पेढा खातो. कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. शेठ असेच मोठे झाले होते, त्यांच्या पंजाने त्यांना कधी दगा दिला नव्हता. विकणाऱ्याचा दलाल विमान घेऊन सुरतेला आला त्याच्या आदल्या आठवड्यात शेठ दक्षिणेत जाऊन त्यात अर्धा तास बसून आले होते. पंजा ठेवून आले होते. बानंही देऊन आले होते. आप्पांना हे विमानतळावर पोचल्यावर कळलं.

"कागद न बघता?" त्यांनी मला विचारलं.

"आवाज बघितला म्हणे."

आप्पांनी नवा डगला खाली ओढून नीट केला.

त्या दिवशी पूजाही ठेवलेली होती. भटजी, शेठाणी, दोन सुना, ताटात कुंकू, अक्षता, लाल दोरा. पंख्यापुढे नारळ फुटला तोवर आप्पा गप्प होते, कारण दगड त्यांनीच लांब ठेवायला लावला होता. मग शेठाणींनी ओल्या कुंकवाची बोटं विमानाच्या अंगावर टेकवायला सुरुवात केली. नाकापाशी एक, दाराशी एक, आणि तिसरं नेमकं बाजूला असलेल्या एका छोट्या गोल पत्र्यावर, ज्याच्या मधोमध टाचणीएवढं भोक होतं.

"हात काढा!" आप्पा ओरडले.

सगळे थिजले. शेठाणींशी असं कोणी बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. आप्पा पुढे आले, खिशातून मलमलीचा तुकडा काढला आणि त्या पत्र्यावरून कुंकू टिपू लागले. टिपत टिपत एखाद्या पोराला समजवावं तसं सांगत होते, "ताई, इथून ती बाहेरची हवा ओळखते. आपण किती उंचावर आहोत ते तिला इथून कळतं. हे बुजलं तर ती खाली येते आणि तिला वाटतं, आपण अजून वरच आहोत."

"अपशुकन कर्युं तमे," शेठाणी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"कुंकू दारावर लावा. दाराला पाहिजे तेवढं लावा," आप्पा म्हणाले. पण शेठाणींनी ताट सुनेच्या हातात दिलं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

मग आप्पांची चक्कर सुरू झाली. रिक्षाला दोन मिनिटं लागत, इथे दोन तास गेले. दलाल घड्याळ बघत होता, शेठ फोनवर होते, मी वही घेऊन मागे मागे. मागच्या मोठ्या दाराशी आप्पा गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. दाराच्या उंबऱ्याची कड रंग जाऊन चकचकीत झाली होती. वर, दाराच्या आतल्या अंगाला, ओळीत चार भोकं भरून रंगवलेली होती. बोट फिरवलं तरच कळावीत अशी.

"इथून काय उतरवत होते?" त्यांनी दलालाला विचारलं.

"सामान. कार्गो."

"सामान बूट घालत नाही."

दलाल हसला. आप्पा हसले नाहीत. "इथे वर धरायला दांडा होता," ते म्हणाले, "आणि या कडेवर माणसं उभी राहत होती. शेकडो माणसं. मग उडी."

आपल्या देशात येण्याआधी ते विमान परदेशात होतं, आणि त्यातली काही वर्षं ते छत्रीने उड्या मारणाऱ्या हौशी लोकांना वर नेऊन सोडत असावं, असा आप्पांचा कयास. मला त्यात वावगं काय ते कळेना. रिक्षात बसताना (आधी चक्कर झालीच) त्यांनी समजावलं. दलालाने दाखवलेले तास कमी होते आणि खरेही असतील. पण उड्यांचं विमान पाव तासात पुऱ्या जोराने वर जातं, माणसं सोडतं, खाली येतं, पुन्हा वर जातं. दिवसभर. तास थोडे भरतात, चढउतार मात्र ढीगभर होतात. इंजिनाच्या आतल्या चकत्यांचं आयुष्य तासांवर कमी आणि चढउतारांवर जास्त ठरतं. आणि नेमक्या त्या वर्षांच्या नोंदीत तास होते, चढउतार नव्हते.

"मग विचारू या ना त्यांना," मी म्हणाले.

"विचार, मास्तरीन."

पुढचे चार महिने मी तेच करत होते. ज्या परदेशी कंपनीकडे विमान होतं ती बंद पडली होती, माझं पत्र तसंच परत आलं. ज्या कारखान्यात त्याची देखभाल होत असे त्यांनी फार सभ्यपणे कळवलं की जुने कागद आहेत, पण तत्कालीन मालकाच्या लेखी परवानगीशिवाय देता येत नाहीत. तत्कालीन मालक म्हणजे ती बंद पडलेली कंपनी. मी हे त्यांना कळवलं. त्यांनी खेद व्यक्त केला आणि पुन्हा परवानगी मागितली. माझी भाषा सुधारत गेली, पत्रं लांबत गेली, उत्तर तेच. दलाल अधूनमधून तोच एक पानी गोषवारा नव्याने पाठवायचा. आप्पा तो उजेडात धरत. "शिक्का नवा आहे. माहिती तीच आहे." आणि फॉर्मच्या चढउतारांच्या रकान्यात पेन्सिलीने लिहीत, 'माहिती अपुरी'.

मिलमध्ये त्यांचं नाव 'ना-आप्पा' पडलं. शेठ रोज विचारत, "शुं बाकी छे हवे?" बा रोज संध्याकाळी शेठना विचारत, "विमान आव्युं?" शेठची आणि बांची आशा आप्पांच्या एका सहीवर अडकून होती, आणि मी शेठ आणि आप्पांच्या मधे टंकयंत्रासारखी पत्रं पाडत होते.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली तेव्हा माझाही धीर सुटला. "आप्पा, सही करून टाका ना," मी म्हणाले. "सहा वर्षं ते विमान आपल्या देशात नीट उडतंय. काही होणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. "होणार नाही असं मलाही वाटतं."

"मग?"

"वाटतं, असा रकाना फॉर्ममध्ये नाही."

मी वैतागून कागद आवरू लागले. मागून ते अगदी हळू, घरच्या अहिराणीत म्हणाले, "माले बी ती पाहिजे शे व माय. तुले काय वाटस?" मी वळले नाही. त्या वेळी मला ते हटवादी म्हातारपण वाटलं होतं. ते वाक्य आता जास्त आठवतं.

दुसऱ्या दिवशी शेठनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी फाईल धरून उभी. शेठ आधी गोड बोलले, मग चढले. "आप्पा, तुम्ही इंजिनिअर की वकील? मी आयुष्यभर जुनी मशीनं घेतली. एक तरी मला महागात पडलं का?"

आप्पा टेबलाकडे वळले. टेबलावर कोऱ्या कापडाचा ताका पडला होता, तो त्यांनी उलगडला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडावर धरला. कापडात एका जागी आडवी बारीक रेघ होती.

"ही कशाची, शेठ?"

शेठनी वरवर बघितलं. "लूम बंद पडून चालू केला त्याची. कोणीही सांगेल."

"एकदा थांबून चालू झाला की एक रेघ. कापडावर दिसते म्हणून तुम्ही माल बाजूला काढता. इंजिनाच्या चकतीवर अशीच पडते. फक्त दिसत नाही. ती मोजून लिहून ठेवावी लागते. यांनी लिहिली नाही."

"अरे, पण रेघ निघाली तर निघाली! माल सेकंडमध्ये, कमी भावात काढीन—"

शेठ मधेच थांबले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. आप्पा ताका पूर्वीसारखा घडी घालत होते, काठाला काठ जुळवून. 

"इंजिन उघडून चकत्या बदलून घेऊ," शेवटी शेठ म्हणाले.

पण त्याला महिने लागणार होते आणि विकणारा थांबायला तयार नव्हता. आठ दिवसांनी दलालाचा निरोप आला, विमान दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेलं. बानंही गेलं ते गेलंच. शेठ आप्पांशी बोलेनासे झाले. मेळाव्यातले लोक भेटले की विचारत, विमान कुठे, आणि शेठ विषय बदलत. आप्पांचं मिलमधलं येणं बंद झालं. नवा डगला खुंटीवर राहिला, गुडघ्यावर त्या एका दिवसाचा काळा डाग तेवढा.

ते विमान पुढे कुठे गेलं, अजून उडतं आहे का, मला माहीत नाही. उडत असेल, तर आप्पा चुकले असं म्हणायचं का? तेही म्हणता येत नाही. मी पुष्कळ दिवस या प्रश्नाशी झटापट केली. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणणार? आप्पांना एकदा मी हे विचारलं तेव्हा ते टपरीवर आरसा पुसत होते. "माझी सगळी नोकरीच तशी होती, मास्तरीन," एवढंच म्हणाले. त्यात अभिमान नव्हता. थोडा कंटाळा होता.

दिवाळी सुरतेतच झाली. बा खंगत चालल्या. जेवण सोडलं. आणि मग एका दुपारी आप्पा न बोलावता मिलमध्ये आले आणि माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. हजीऱ्याहून आखात ओलांडून गाड्यांसकट माणसं नेणारी बोट आहे, ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. पण बोटीनंतरही दोन तासांचा रस्ता उरतो, आणि घरच्या विमानाची गोष्ट केल्यावर बोटीचं नाव काढायला शेठ तयार नव्हते. आप्पा एकटे जाऊन आले होते. जाऊन, येऊन, दुसऱ्या दिवशी परत जाऊन. बोटीवर चढायचा उतार किती, ते त्यांनी अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीने पाहिलं होतं. मधल्या पाण्यात पेल्यातलं पाणी किती हलतं, ते तासातासाला लिहिलं होतं. आजारी माणसाला सोबतीसह गाडीतच राहू देतील का, हे तीन वेगवेगळ्या माणसांना विचारून तिघांची उत्तरं लिहिली होती. पलीकडच्या रस्त्याचे खड्डे कुठे आहेत तेही. खाली एक ओळ होती, 'सकाळच्या बोटीने नेण्यास हरकत नाही.' आणि सही.

मी ती सही पहिल्यांदाच पाहत होते. मोडीच्या वळणाची, लांब शेपटीची.

कागद मी शेठपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. संध्याकाळी बांना सांगितलं तेव्हा बांनी एवढंच विचारलं, "गाडी कोनी?" कोणाची गाडी.

"आपणी ज, बा."

"तो वांधो नहीं," बा म्हणाल्या. मग हरकत नाही.

पाठवणीला मी हजीऱ्याला गेले होते, बांच्या औषधांची इंग्रजी यादी सोबत द्यायची होती म्हणून. धक्क्यावर गाड्यांची रांग लागलेली, खारा वारा, लांबवर कारखान्यांच्या चिमण्या. बा मागच्या सीटवर उशांत आडव्या, शेठ पुढे. आप्पा आमच्याआधीच येऊन उभे होते. शेठशी त्यांची नजरानजर झाली, बोलणं झालं नाही.

रांग हलली. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवू लागला. आमच्या ड्रायव्हरने गिअर टाकला आणि त्याच वेळी आप्पा पुढच्या डाव्या चाकापाशी वाकले.

"शेठ, पाछळ लाइन छे," ड्रायव्हर म्हणाला.

शेठनी हात वर केला. थांब.

आप्पांचा अंगठा एकेका नटावरून फिरत गेला. पुढचं डावं, मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं उजवं. गुडघे दुखत असणार, उठताना ते गाडीला धरत होते. आरसा खाली गेला, वर आला. मागे भोंगे वाढले, कोणीतरी शिवी दिली. शेठ काच खाली करून सरळ समोर बघत बसले होते, आणि आतून बा विचारत होत्या, "शुं करे छे ए?"

"जुए छे, बा," शेठ म्हणाले. "जोवा दो." बघताहेत, बघू द्या.

चक्कर पूर्ण झाली. आप्पा शेठच्या खिडकीशी येऊन उभे राहिले, गाडीच्या टपावर पंजाने दोनदा थाप मारली आणि मागे सरकले. गाडी उतारावरून बोटीच्या पोटात शिरली. आप्पा जागचे हलले नाहीत. उजवा हात उंच, अंगठा वर, विमानाला निघायला सांगतात तसा, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही तो हात बराच वेळ तसाच होता.